धूर कंपन्यांचा, भुर्दंड जनतेचा

'करसवलत' या शब्दात मोठी लबाडी दडलेली आहे. सवलत दिली म्हणजे कोणाच्याच खिशातून काही गेले नाही, असा भास होतो. वास्तविक सरकार बड्यांचा कर सोडते, तेव्हा ती तूट उरलेली जनता भरून काढते, नाहीतर तिच्या शाळा-दवाखान्यांचा खर्च कापला जातो. सार्वजनिक वित्त हा बाबासाहेबांच्या अभ्यासाचा विषय. त्यांच्या अनुयायांनी सवलतींचाही हिशेब मागायला शिकले पाहिजे.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली गाडणाऱ्या कंपन्यांना तेथे २००८ च्या कायद्याने करात सूट दिली. 'कलम ४५-क्यू' म्हणून ती ओळखली जाते. सुरुवातीला टनामागे २० डॉलर होते. २०२२ च्या कायद्याने ते ८५ पर्यंत नेले. तोच वायू जुन्या तेलविहिरीत दाबून उरलेले तेल उपसले, तरीही सूट मिळते. आधी तिचा दर कमी होता; २०२५ च्या कायद्याने नव्या प्रकल्पांसाठी दोन्ही दर सारखे केले. म्हणजे हवामान वाचवण्याच्या पैशातून तेल काढायचे आणि ते जाळून पुन्हा धूर करायचा! टेक्सासमधला 'पेट्रा नोव्हा' प्रकल्प २०१७ साली सुरू झाला. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच तो बंद पडला आणि २०२३ मध्येच पुन्हा चालू झाला. कळीचा मुद्दा तेलाचा होता, हवेचा नव्हे.

आता हिशेब पाहा. अमेरिकी अर्थखात्याच्या कर-महानिरीक्षकाने २०२० मध्ये सांगितले, की २०१० ते २०१९ या काळात सुमारे १०० कोटी डॉलरची सूट मागितली गेली. त्यातली ९९ टक्क्यांहून अधिक अवघ्या दहा करदात्यांनी! त्यांपैकी सुमारे ८९ कोटींच्या दाव्यांत पर्यावरण खात्याचे देखरेखीचे नियम पाळलेलेच नव्हते. काही रक्कम नंतर नाकारली गेली. पण करदात्यांची नावे कायद्याने गुप्तच राहिली. गरिबाला रेशनसाठी दहा कागद, आणि धनदांडग्यांना त्यांच्याच शब्दावर कोट्यवधी! हा कुठला न्याय?

धोका मात्र गरिबांच्या दारात. मिसिसिपी राज्यातला याझू परगणा कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेला. तेथील सटार्शिया गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० रोजी तेलक्षेत्राकडे जाणारी कार्बन डायऑक्साइडची वाहिनी फुटली. हा वायू हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचला. प्राणवायूअभावी गाड्यांची इंजिने बंद पडली, सुमारे दोनशे लोकांना गाव सोडावे लागले, ४५ जणांना रुग्णालय गाठावे लागले.

आमचा विरोध तंत्रज्ञानाला नाही. सिमेंट बनवताना चुनखडीतूनच हा वायू निघतो. तो केवळ इंधन बदलून थांबत नाही. अशा ठिकाणी हे तंत्र उपयोगी पडू शकते. प्रश्न अटींचा आहे. तेल उपसणाऱ्याला सूट नको. गाडलेल्या टनांची मोजणी स्वतंत्र यंत्रणेने करावी. लाभार्थ्यांची नावे जाहीर व्हावीत. वाहिनी ज्या वस्तीजवळून जाईल, तिची संमती घ्यावी. पुढे गळती झाली तर जबाबदारी कंपनीचीच राहावी.

भारतातही नीती आयोगाने २०२२ मध्ये याच विषयावर अहवाल काढून सरकारी प्रोत्साहनाची शिफारस केली आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख कोणाच्या छपरांवर पडते, हे आपण जाणतो. उद्या त्याच धुराच्या नावाने सवलती वाटल्या गेल्या, तर त्या वस्त्यांना काय मिळणार? कायदा होण्यापूर्वीच हा प्रश्न विचारला पाहिजे.