मऊ दगडाच्या खाणीतील प्रस्तरारोहण

इंग्लंडच्या वायव्य भागात विडनेस शहराजवळ पेक्स हिल नावाची वालुकाश्माची एक जुनी खाण आहे. बांधकामासाठी दगड काढण्याचे तेथील काम केव्हाच थांबले. आज तिच्या उभ्या भिंतींवर प्रस्तरारोहक चढाईचा सराव करतात. हा दगड ट्रायासिक कालखंडातील, म्हणजे २० कोटी वर्षांहून जुना आहे. परंतु वयाने मोठा म्हणून तो कठीण आहे, असे मात्र नव्हे.

वाळूचे कण खनिजांच्या बंधाने एकत्र चिकटून वालुकाश्म बनतो. हा बंध जितका दुबळा, तितका दगड मऊ. दीर्घकाळ उघड्यावर राहिलेल्या वालुकाश्मावर पुष्कळदा एक कठीण साल धरते. ती झिजली की आतील ठिसूळ भाग उघडा पडतो. पाणी तर या दगडाचे वैरीच होय. ते छिद्रांत मुरले म्हणजे कणांमधील बंध सैल होतो. काही वालुकाश्मांची शक्ती भिजल्यावर निम्म्याहूनही कमी उरते. कोरड्या दिवशी देहाचा भार पेलणारी कपार ओल्या दिवशी हातात तुटून येते. पृष्ठभाग सुकला तरी आत ओल राहू शकते. म्हणून दगड आतपर्यंत सुकेतो चढाई वर्ज्य मानावी.

मऊ दगडाच्या फटीत बसविलेली पाचर पडणाऱ्याच्या हिसक्याने दगडासह निसटण्याचा संभव असतो. यास्तव दोर माथ्यावरूनच सोडावा. तो किमान दोन स्वतंत्र व भक्कम आधारांना पट्ट्यांनी जोडावा, आणि पट्ट्यांमधील कोन लहान ठेवावा. ६० किलोग्रॅम भार टांगला असता ६० अंशांच्या कोनात प्रत्येक पट्ट्यावर सुमारे ३५ किलोग्रॅम ताण येतो; कोन १२० अंशांचा झाला की तोच ताण ६० किलोग्रॅम होतो. खालून दोर धरणाऱ्या सोबत्याच्या ओढीने प्रत्यक्ष भार आणखी वाढतो. दोर ज्या कडीतून सरकतो, ती कडी काठाच्या खाली लोंबती ठेवावी. नाहीतर सरकता दोर करवतीप्रमाणे काठ कापतो व स्वतःही झिजतो.

खाणीच्या माथ्यावर सुटे दगड असतात. म्हणून शिरस्त्राण घालावे, आणि सोबत्याने चढणाऱ्याच्या थेट खाली उभे राहू नये. जागेच्या मालकाची अनुमती आधी घ्यावी. बुटांच्या तळव्यांची वाळू पुसूनच दगडाला पाय लावावा. तारेच्या कुंचल्याने तो घासू नये. एकदा झिजलेली पकड पुन्हा भरून येत नाही, आणि उद्या त्याच पकडीवर दुसऱ्या कुणाचा जीव विसंबणार असतो.