अंदाज किती टनांचा?

'प्रेडिक्टिव्ह ॲनालिटिक्स' हा शब्द हल्ली प्लेसमेंटच्या टॉकमध्ये दर दहा मिनिटांनी कानावर पडतो. पडद्यावर एक रंगीत आलेख, त्यात वर जाणारी रेघ आणि खाली मोठ्या अक्षरात 'डेटा'. ऐकणाऱ्याला वाटतं, हे सगळं पुण्या-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींतच चालत असणार. मला मात्र हा शब्द ऐकला की आमच्याकडच्या गट ऑफिसातलं उसाच्या नोंदीचं जाडजूड रजिस्टर आठवतं. मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजावर कोट्यवधी रुपये लावायचे, हे काम आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने कित्येक वर्षं करत आलेत. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचं नाव घेतात तो प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, पण किती शेअर विकले जातील आणि किती ऊस येईल याचा हिशोब त्यांनाही मांडावाच लागला असणार!

साखर कारखाना ही तशी अवघड जातीची कंपनी आहे. कापड गिरणी कापसाच्या गाठी रचून ठेवू शकते, पण तोडलेला ऊस साठवता येत नाही. तोडल्यापासून शक्यतो २४ तासांत तो गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन घटतं आणि रसातली साखर फुटून उतारा खाली येतो. उभा ऊसही अनंत काळ थांबत नाही. म्हणून बहुतेक मोठे निर्णय बॉयलर पेटायच्या आधीच घ्यावे लागतात. मुकादमांशी करार पावसाळ्यातच होतात, उचल तेव्हाच द्यावी लागते. आपल्या जिल्ह्याची गंमत पाहा: ऊस प्रामुख्याने उत्तरेत, प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर, आणि तो तोडणारे हात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या दक्षिणेकडच्या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून. म्हणजे ऊस अजून कमरेएवढा असताना, तो किती टन भरेल ते धरून हजारो माणसांशी व्यवहार ठरवायचा.

आता थोडं गणित करू. समजायला सोपं जावं म्हणून आकडे मी मनाचे घेतलेत, कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत. नोंदलेलं क्षेत्र १०,००० हेक्टर, हेक्टरी सरासरी ८० टन. एकूण ८ लाख टन. हा ऊस मार्चअखेर, साधारण १५० दिवसांत संपवायचा तर रोज सुमारे ५,३३० टन तोडला पाहिजे. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर २,६७० च्या आसपास कोयते लागतील. अंदाज फक्त १० टक्के चुकला, तर ८०,००० टन इकडचे तिकडे होतात. जास्तीच्या बाजूला चुकला तर हंगाम १५ दिवस लांबतो आणि थेट एप्रिलच्या उन्हात जातो. उताऱ्याचंही तसंच. ८ लाख टनांवर ०.१ टक्का उतारा घटला की ८०० टन साखर कमी. २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दरानेही ते २ कोटी ४८ लाख रुपये होतात. दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या आकड्याला इतकी किंमत असलेलं दुसरं उदाहरण मला तरी आपल्या सिलॅबसमध्ये सापडलेलं नाही.

मॉडेल कशावर उभं राहतं? माहिती पुष्कळ असते. नोंदीत गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, लागण आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, हे सगळं असतं. काट्यावर मागच्या अनेक हंगामांची वजनं असतात. मंडलवार पाऊस मिळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून शेतकी विभागाची माणसं हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहतात. शिवाय आता सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर बारकाव्याची चित्रं फुकट मिळतात. यातून हेक्टरी उत्पादनाचं रिग्रेशन करणं हे थर्ड इयरच्या मुलालाही जमेल.

खरी अडचण पुढे आहे. पहिली म्हणजे नोंद. एकच ऊस दोन कारखान्यांत नोंदवलेला असतो, कारण शेतकऱ्याला आपला ऊस उभा राहण्याची भीती असते. तोडणीचा प्रोग्राम लागणीच्या तारखेवर लागतो, म्हणून ती तारीखही थोडी 'अलीकडे-पलीकडे' होते. बेण्याला, जनावरांच्या चाऱ्याला आणि गुऱ्हाळाला जाणारा ऊस वेगळाच. उपग्रहाला यातलं काहीच कळत नाही. त्याला पान हिरवं आहे एवढं दिसतं, तेही पावसाळ्यात ढग नसतील तर. आणि ऊस एकदा दाटला की तो ७० टन भरेल की ११० टन हे त्या हिरव्या रंगावरून नीट ओळखता येत नाही. गावातल्या अनुभवी चिटबॉयला मात्र बांधावरून एक चक्कर मारली की बरंच कळतं. त्याच्या डोळ्यांना मी कमी लेखणार नाही, त्याचा अंदाज हाही डेटाचाच एक कॉलम समजावा.

दुसरी अडचण आपल्या प्रोजेक्टवाल्यांसाठी खास महत्त्वाची. समजा दहा हंगामांच्या ५०,००० प्लॉटच्या नोंदी मिळाल्या. आपण काय करतो? सगळ्या एकत्र ढवळून ८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के टेस्टिंगला. उत्तर झकास येतं, गाईड सर खूश! पण यात मेख आहे. एका हंगामातल्या सगळ्या प्लॉटवर पाऊस जवळपास एकच पडलेला असतो. शेजारचा प्लॉट ट्रेनिंगमध्ये आणि हा टेस्टिंगमध्ये, म्हणजे पेपर आधीच फुटल्यासारखं झालं. कारखान्याला हवा असतो न पाहिलेल्या हंगामाचा अंदाज. म्हणून तपासायचं तर एक अख्खा हंगाम बाजूला ठेवून, बाकी नऊवर मॉडेल शिकवून, त्या एकावर तपासायचं. असं दहा वेळा. मग चूक वाढलेली दिसते आणि तीच खरी चूक असते. नोंदी ५०,००० असल्या तरी पावसाळे दहाच पाहिलेत हे विसरून चालत नाही. सोबत 'मागच्या वर्षी जे झालं तेच यंदा' हा अडाणी अंदाजही लावून बघावा. आपलं मॉडेल त्यालाही हरवत नसेल तर ते गुंडाळून ठेवलेलं बरं.

हे पुस्तकी वाटत असेल तर महाराष्ट्राचे अलीकडचे हंगाम बघा. २०२१-२२ मध्ये राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली. तो विक्रम होता. पुढच्या हंगामाचा सुरुवातीचा अंदाज होता १३८ लाख टन, प्रत्यक्षात झाली सुमारे १०५ लाख. मग २०२३ चा ऑगस्ट आला, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. साहजिकच २०२३-२४ चा अंदाज ९० लाख टनांच्या आत धरला गेला. देशातच साखर कमी पडेल या धास्तीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल करून १७ लाख टन साखरेएवढी मर्यादा ठरवली. इकडे नोव्हेंबरात झालेला अवकाळी पाऊस उसाला मानवला होता. हंगाम संपला तेव्हा राज्यात साखर झाली होती सुमारे ११० लाख टन. इथेनॉलवरचे निर्बंध ऑगस्ट २०२४ अखेर पुढच्या वर्षासाठी उठले, पण ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारली होती त्यांचं एक वर्ष निघून गेलं होतं. सलग दोन वर्षं अंदाज चुकला, एकदा वरून आणि एकदा खालून.

म्हणून अंदाज करूच नये का? करायलाच पाहिजे, पण 'किती टन?' याला एकच आकडा हे अर्धवट उत्तर आहे. '८ लाख, अधिक-उणे ८० हजार' असं सांगितलं तर त्यावर निर्णय घेता येतो. तो कसा घ्यायचा, याचं एक जुनं गणित ऑपरेशन्स रिसर्चमध्ये आहे, पेपर विकणाऱ्या पोऱ्याचं. पेपर ३ रुपयांना घेतो, ५ ला विकतो, उरला तर रद्दी. एक पेपर कमी पडला तर २ रुपयांचा नफा हुकतो, एक उरला तर ३ रुपये बुडतात. २ भागिले (२ अधिक ३), म्हणजे ०.४. त्याने सरासरी खपाएवढे पेपर घेऊ नयेत. खप ज्याच्या आत राहण्याची शक्यता ४० टक्के आहे, तेवढेच घ्यावेत. थोडक्यात, चूक कोणत्या बाजूला महाग पडते त्यावर आकडा सरकतो.

हेच कोयत्यांना लावू. कोयते जास्त झाले तर उचल अडकते, भाडं आणि गाड्या पोसाव्या लागतात: टनामागे १०० रुपये धरू. कमी पडले तर ऊस उन्हात उभा राहतो. कारखान्याच्या ताळेबंदात त्याचंही नुकसान १०० रुपये दिसत असेल, तर गुणोत्तर ०.५ येतं आणि तयारी बरोबर ८ लाख टनांची होते. पण उभ्या उसाचं घटलेलं वजन, लांबलेला खोडवा आणि अडलेलं पुढचं पीक हे शेतकऱ्याचं नुकसानही धरून तो आकडा ३०० केला, तर गुणोत्तर ०.७५ होतं. आपल्या नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनच्या तक्त्यात ०.७५ ला ०.६७४ मिळतात, ८० हजारांना त्याने गुणून ८ लाखांत मिळवा. उत्तर ८ लाख ५४ हजार टन. कोयते साधारण १८० जास्त बांधावे लागतील. मॉडेल तेच, डेटा तोच, फरक ५४ हजार टनांचा. हेक्टरी ८० टनांनी तो ६७५ हेक्टर ऊस झाला. दोन-दोन एकरवाले धरले तर आठशेवर कुटुंबं.

नुकसान कोणाचं मोजायचं, हे कोणतंही सॉफ्टवेअर ठरवत नाही. २०२१-२२ च्या त्याच विक्रमी हंगामात आपल्या जिल्ह्यासह मराठवाड्यात मे उजाडला तरी ऊस उभा होता आणि राज्यातलं गाळप जूनपर्यंत चाललं. शेवटी सरकारला १ मे नंतर गाळलेल्या उसाला उतारा घटीपोटी टनाला २०० रुपये आणि ५० किलोमीटरच्या पुढच्या वाहतुकीला टन-किलोमीटरला ५ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. साखरेचा विक्रम आणि शेतात वाळणारा ऊस, दोन्ही एकाच वर्षी. सहकारी कारखान्यात सभासद हाच ऊसवाला आणि तोच मालक; त्यामुळे ते ३०० रुपये तिथे आपोआप हिशोबात यायला हवेत. येतात का, हे वार्षिक सभेत कोण काय बोलतं यावर अवलंबून असतं. खासगी कंपनीत तर तेवढीही सोय नाही. आणि १८० जास्तीच्या कोयत्यांना काम कमी पडलं, तर त्यांची उचल फिटायला पुढचा हंगाम लागेल. हे नुकसान मी वरच्या गणितात धरलेलं नाही. ते धरलं तर १०० चा आकडाही वाढेल आणि उत्तर पुन्हा सरकेल.

फायनल इयरला कोणाला हा विषय घ्यायचा असेल तर अख्खा कारखाना नको, एकच गट ऑफिस धरा. पाच-सहा हंगामांची काट्यावरची वजनं आणि नोंदी मागा, गट नंबरवरून जुळवा, दुबार नोंदी वेगळ्या काढा. यातच एक सेमिस्टर जाईल. दुसऱ्या सेमिस्टरला मॉडेल. आणि शेतकी अधिकाऱ्यांसमोर रिपोर्ट ठेवताना एका आकड्याऐवजी तीन ठेवा: किती टन, किती टनांनी चुकू शकतं, आणि कुठल्या बाजूला चुकलं तर कोणाचे किती रुपये जातात.