टोळी निघण्याआधी बैलांना लस टोचा



हंगाम तोंडावर आला की आपण तोडीची चौकशी करतो, बैलांची मात्र कोणी करीत नाही. बैल बसला की गाडी बसली. मग तोडलेला ऊस फडातच वाळतो, वजन घटते, उतारा घसरतो. गाडीवानाच्या डोक्यावरची उचल मात्र तशीच राहते.

कळंब, वाशी, भूम आणि बीडकडचे बैल कारखान्याच्या तळावर एकत्र येतात. एकाला लाळ्या-खुरकूत झाला, की बघता बघता सगळा तळ लागतो. लंपीचा फटका तर २०२२ साली महाराष्ट्राने पाहिलाच आहे. माशा, डास, गोचीड तो रोग पसरवतात.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. घटसर्प व फऱ्या : दरवर्षी पावसाळ्यापूर्वी. लाळ्या-खुरकूत : दर सहा महिन्यांनी. लंपी : वर्षातून एकदा. टोचल्याबरोबर बैलाच्या अंगात रोगाला तोंड देण्याची ताकद येत नाही; साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून टोळी निघण्याच्या महिनाभर आधीच टोचून घ्या. आजारी जनावराला टोचू नये. लस दिल्यावर एक-दोन दिवस कसकस आली तर घाबरू नका, फक्त जड कामाला जुंपू नका.

"आमच्या बैलाला काय होतंय?" म्हणणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना बुळकांडी विचारावी. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग लसीनेच हटला. २००६ साली आपला देश आणि २०११ साली सारे जग त्यातून मुक्त झाले.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल न्या, कानातल्या बिल्ल्यावर नोंद करून घ्या आणि आपल्या टोळीवाल्यालाही सांगा.