बी.कॉम. झालं, नोकरी लागली; आता एमबीए करावं का?

पालकसभेत धाकट्याची प्रगती विचारून झाली की थोरल्याचा विषय निघतो. तो बी.कॉम. होऊन विट्यातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात टॅलीवर बसलेला असतो. "गुरुजी, त्याला एमबीएला घालू का?" मी डी.एड.वाला माणूस, पण चौकशी करून जे समजलं ते सांगतो.

आधी मुलाला विचारा, हिशेब लिहायचाय, तपासायचाय की धंदा चालवायचाय? लिहायला जीएसटी, टीडीएस पक्कं लागतं, त्यासाठी दोन वर्षांची पदवी नको. तपासायचं असेल तर एमबीए उपयोगाचं नाही. टॅक्स ऑडिटच्या अहवालावर सही सीएचीच चालते. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी होते. २०२३ पासून आर्टिकलशिपही तीनऐवजी दोन वर्षांची झालीय.

एमबीए कामाला येतं ते तिसऱ्या ठिकाणी. सुताचा भाव चढला तर कापड काय दरानं द्यायचं, खेळतं भांडवल किती उचलायचं, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बसायचं असेल तर. आपले गलाईवाले पदवीशिवाय देशभर धंदा करतात, असं कुणीतरी म्हणणारच. खरंय, पण त्यांना भट्टीजवळ बसवून शिकवणारा काका-मामा होता. तुमच्या मुलाला आहे का?

परवा एका वडिलांना म्हटलं, कर्जाचा अर्ज भरण्याआधी मालकाला विचारा, हा शिकून आला तर याचं काम बदलेल का? नुसता पगार किती वाढेल हे विचारू नका. ते अजून विचारून आलेले नाहीत.