दुर्बिणीच्या रायफलीचा नेम कां ढळतो?

दुर्बीण बसविलेली एखादी रायफल आज शंभर यार्डांवरील लक्ष्याचा बरोबर मध्य साधते आणि आठ दिवसांनीं तिच्याच गोळ्या चार इंच डावीकडे पडूं लागतात. अशा वेळीं बहुतेकांचा हात प्रथम दुर्बिणीवरील चकतीकडे जातो. चकती फिरवून नेम पुन्हां मध्यावर आणतां येतो, हें खरें. परंतु जें सैल झालें तें सैलच राहतें, आणि पुढच्या खेपेस गोळी तिसरीकडेच जाते. म्हणून चकतीस हात लावण्यापूर्वी काय हललें याचा शोध घेणें इष्ट.

दुर्बिणीची दृष्टिरेषा व गोळीचा मार्ग यांचा ठराविक अंतरावर जमविलेला मेळ, त्यास नेमबाज ‘शून्य’ म्हणतात. हा मेळ फार नाजूक असतो. दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्यांमध्यें सहा इंचांचें अंतर असेल, तर एक कडें साध्या कागदाच्या निम्म्या जाडीइतकें सरकतांच शंभर यार्डांवर गोळी सुमारें एक इंच चुकते. चारशें यार्डांवर चार इंच.

पहिली साक्ष लक्ष्याच्या कागदाची घ्यावी. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकून एकाच जातीचीं पांच काडतुसें सावकाश उडवावीं. पांचही भोंकें जवळजवळ पण मध्यापासून दूर पडलीं, तर कांहींतरी एकदांच सरकून तेथें स्थिर झालें आहे, किंवा काडतुसांची जात बदलली आहे. भोंकें विखुरलीं, तर कांहीं तरी प्रत्येक बारास हलत आहे. अथवा दोष नेमबाजाच्या चाप ओढण्यांत आहे, आणि ही शक्यता कोणासही आवडत नाहीं! नळी तापत जाईल तसतशीं भोंकें एकाच दिशेस सरकत गेलीं, तर दस्त्याचें लांकूड नळीस अडत असावें. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, तेव्हां हें विशेष संभवतें.

यानंतर रायफल रिकामी असल्याची खात्री करून स्क्रू तपासावे. दुसऱ्या महायुद्धांतील ब्रिटिश फौजेची ‘नंबर ४ (टी)’ रायफल या बाबतींत बोधप्रद आहे. निवडक रायफलींवर दुर्बीण चढविण्याचें काम १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूकवाल्यांनीं केलें. ‘नंबर ३२’ ही तिची दुर्बीण मूळची ब्रेन मशीनगनसाठीं योजलेली. रायफलीच्या डाव्या अंगास पोलादाच्या दोन बैठका जडवीत, आणि दुर्बिणीची चौकट त्यांवर दोन मोठ्या हातस्क्रूंनीं आवळीत. हे हातस्क्रू सर्वांच्या डोळ्यांसमोर असत. दगा बहुधा पुढच्या बैठकीचे लहान स्क्रू देत. ते चौकटीआड झांकलेले असल्यानें शिपाई वरचे स्क्रू पुनःपुन्हां आवळी, आणि नेम मात्र ढळतच राही. एका गोळीनें आपली जागा उघडी करणाऱ्या त्या माणसास हा दोष जिवावर बेतणारा होता. दुर्बिणीचा क्रमांक त्या रायफलीच्या दस्त्यावरच ठोकलेला असे, तोही व्यर्थ नव्हे: एकीची दुर्बीण दुसरीवर चढविली कीं शून्य नव्यानेंच जमवावें लागतें.

स्क्रू घट्ट असूनही नेम ढळत असेल, तर रायफल न हलवितां डोळा थोडा इकडे तिकडे न्यावा. दुर्बिणींतील फुली लक्ष्यावरून सरकतांना दिसली, तर गालाची ठेवण दरवेळीं सारखी नसणें एवढ्यानेंही गोळी चुकेल.

सर्वांत शेवटीं दुर्बिणीवर संशय घ्यावा. फुली वर, उजवीकडे, खालीं आणि डावीकडे प्रत्येकीं वीस खुणा सरकवावी व दर वळणावर दोनतीन गोळ्या माराव्या. कागदावर चौकोन उमटून शेवटच्या गोळ्या पहिल्या जागीं परतल्या, तर दुर्बिणीचीं अंतर्गत चक्रें ठीक आहेत. न परतल्या, तर खात्रीची दुसरी दुर्बीण त्याच चौकटींत बसवून पाहावी. तीहि चुकली तर दोष खालीं, चौकटींत किंवा बैठकींत आहे.