एकादशी, दुप्पट खाशी

आषाढी एकादशीस दोन प्रहरीं फराळाचीं ताटें उचलून तास-दीड तास होतो न होतो, तोंच आमच्या स्वयंपाकघरांत डबे वाजूं लागतात. प्रत्येकानें पोटभर साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असते. तरी कोणी राजगिऱ्याचा लाडू शोधतो, कोणी केळें. मग माजघरांतून आजीचा ठरलेला शेरा येतो, "एकादशी, दुप्पट खाशी!" सगळे हंसतात, पण ज्याचा हात डब्यांत असतो तो किंचित् ओशाळतोहि. त्यानें ओशाळण्याचें फारसें कारण नाहीं, हें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

आपल्याकडील साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदांतील पिठूळ सत्त्वाचा केलेला असतो. शंभर ग्रॅम साबुदाण्यांत प्रथिनें एक ग्रॅमहि भरत नाहींत, आणि चोथा नांवापुरताच. उष्मांक मात्र भरपूर! पोटाची समजूत केवळ उष्मांकांनीं पटत नाहीं, हेंच येथें मर्म आहे.

१९९५ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी विद्यापीठांत सुझाना होल्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या गोष्टीची मौजेची परीक्षा घेतली. अडतीस पदार्थ निवडून प्रत्येकाचा सारख्याच म्हणजे सुमारें २४० उष्मांकांचा वाटा लोकांस खावयास दिला, आणि पुढें दोन तास दर पंधरा मिनिटांनीं 'पोट किती भरलेलें वाटतें?' असें विचारलें. पांढऱ्या पावास १०० गुण धरले, तेव्हां ओटच्या लापशीस २०९ पडले आणि लोणीदार क्रॉसाँ ह्या पावास अवघे ४७. प्रथिनें, चोथा व पाणी जास्त तेथें तृप्ति जास्त. स्निग्धांश जास्त तेथें ती कमी, असें एकंदरींत दिसलें. पहिला क्रमांक कोणाचा? साध्या उकडलेल्या बटाट्याचा, ३२३ गुणांनीं! तोच बटाटा तळला कीं ११६. प्रत्येक पदार्थ खाणारीं माणसें बारा-तेराच्या आंतच होतीं, म्हणून हे आंकडे म्हणजे कांहीं वेदवाक्य नव्हे. परंतु बटाट्यास उगाच नांवें ठेवणारांनीं ते जरूर ध्यानांत घ्यावेत.

प्रथिनें व स्निग्ध पदार्थ लहान आंतड्यांत उतरले, कीं तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन नांवाचा स्राव रक्तांत सोडतात. १९७३ सालीं गिब्ज, यंग व स्मिथ ह्या संशोधकांनीं तो उंदरांस टोचला, तेव्हां त्यांचें खाणें कमी झालें. जी. एल. पी.-१ हा असाच दुसरा निरोप्या. वजन उतरविण्यासाठीं हल्लीं ज्या इंजेक्शनांचा इतका बोलबाला आहे, तीं ह्याचीच नक्कल करतात.

विद्राव्य चोथ्याची तऱ्हा निराळी. मेथीचे दाणे रात्रीं भिजत घातले, कीं सकाळीं बोटांस बुळबुळीत लागतात. इसबगोल पाण्यांत घातलें, कीं भांड्यांतच थिजतें. पोटांतहि असेंच दाट लगद्यासारखें मिश्रण होतें, अन्न जठरांतून सावकाश पुढें सरकतें आणि साखर रक्तांत हळूहळू उतरते. ओट व जव ह्यांतील बीटा-ग्लुकन आणि पेरूंतील पेक्टिन त्याच जातीचीं. अर्थात् सगळाच चोथा असा नसतो. गव्हाच्या कोंड्याचा बहुतेक भाग विरघळत नाहीं. शौचास तो उपयोगी, परंतु असा दाटपणा त्याच्या अंगीं नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें घरांतलें आहे. माझी धाकटी काकू अनेक वर्षें सर्वांच्या मागून जेवीत असे. आयत्या वेळीं पाहुणा आला, कीं वरणांत पाणी वाढे. तिच्या पानांत भात पुरेसा येई, डाळ मात्र शोधावी लागे. उसळ संपलेली, ताक उरलें तर उरलें. चार वाजतां ती उभ्या उभ्या मूठ मूठ चिवडा खाई, आणि 'हिचें तोंड सारखें चालतें' हा लौकिक तिनें मुकाट्यानें सोसला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींत, निरोगी प्रौढ माणसास दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें धरलीं आहेत. म्हणजे पन्नास किलोच्या बाईस सुमारें ४१-४२ ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळींतून सहा-सात ग्रॅम मिळतात. पाणी घातलेल्या वरणाच्या वाटींत किती उतरत असतील, ह्याचा हिशेब आमच्या घरीं कोणीं केला नव्हता, मींहि नाहीं.

एक सावधगिरी मात्र हवी. इसबगोल नेहमीं भरपूर पाण्याबरोबर घ्यावें. कोरडें किंवा घोटभर पाण्यांत घेतल्यास तें घशांत फुगून अडकूं शकतें. ज्यांस गिळण्यास त्रास होतो त्यांनीं तें घेऊंच नये. भूक मंदावलेल्या वृद्धांस आणि दोन घांसांत उठणाऱ्या मुलांस तृप्ति लवकर यावी हें इष्टच नाहीं; त्यांस दूध, दही, मऊ खिचडी हेंच बरें. मधुमेहाचें औषध चालू असेल, तर मेथी वाढविण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

गेल्या आषाढीस आम्हीं साबुदाण्यास रजा दिली. वरीचा भात, दाण्याची दाट आमटी आणि दही असा बेत केला. शेंगदाण्यांत शंभर ग्रॅमला सुमारें पंचवीस ग्रॅम प्रथिनें असतात; तेव्हां आमटी उपासाची असूनहि कामाची. काकूचें पान आजीनें पहिल्या पंक्तींतच मांडलें. चार वाजतां डबे वाजले नाहींत असें नाहीं, एक वाजलाच. लाडवाचा होता, आणि उघडणारी आजी होती.