जुनी वैद्यकीय पुस्तके कशासाठी जपायची?

वैद्यकाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती ग्रंथालयात आली की जुनी आवृत्ती मागच्या कपाटात जाते आणि काही वर्षांनी रद्दीत निघते. रुग्णाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. कालबाह्य माहितीवर विसंबून उपचार करून चालणार नाही. मग बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाने १५५५ साली छापलेले शरीररचनेचे एक पुस्तक २०२४ साली लिलावात सुमारे २२ लाख डॉलर मोजून आपल्या ग्रंथालयासाठी का घेतले असेल?

याचे उत्तर मिळवण्यासाठी थोडे मागे जाऊ. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याचे ग्रंथ युरोपात शतकानुशतके प्रमाण मानले जात. त्या काळी रोममध्ये मानवी शवविच्छेदन होत नसे. त्यामुळे माकडे, डुकरे यांच्या शरीरात जे दिसले तेच गेलनने माणसालाही लागू केले. हृदयाच्या उजव्या व डाव्या जवनिकांमधील पडद्याला सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त डावीकडे झिरपते, असे त्याचे म्हणणे होते.

ब्रुसेल्स येथे १५१४ साली जन्मलेला अँड्रियस व्हेसॅलियस ल्यूव्हेन आणि पॅरिस येथे शिकला व १५३७ पासून इटलीतील पादुआ विद्यापीठात शिकवू लागला. त्या काळी प्राध्यापक आसनावर बसून ग्रंथ वाचून दाखवीत आणि प्रत्यक्ष विच्छेदन दुसराच कोणी करी. व्हेसॅलियसने सुरी स्वतःच्या हाती घेतली. त्याचा ‘फॅब्रिका’ हा सचित्र ग्रंथ १५४३ साली बासेल येथे छापला गेला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, हे गेलनचे मत त्याने प्रत्यक्ष पाहून चुकीचे ठरवले.

पण हृदयातील छिद्रांपाशी तो अडखळला. त्याला छिद्रे दिसली नाहीत. तरीही १५४३ च्या आवृत्तीत रक्त झिरपते हे त्याने मान्य केले आणि अशा अदृश्य वाटा घडवणाऱ्या ईश्वराच्या कौशल्याबद्दल नवल व्यक्त केले. १५५५ च्या आवृत्तीत मात्र त्याने हा मजकूर बदलला. त्या पडद्यातून रक्त पलीकडे कसे जाईल हे आपल्याला कळत नाही, असे त्याने लिहिले. दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तरच हा बदल लक्षात येतो. केवळ नवी आवृत्ती जपली असती, तर त्यामागची बारा वर्षांची घालमेल आपल्याला दिसली नसती.

मग रक्त जाते कोठून? पादुआतच शिकलेल्या विल्यम हार्वेने १६२८ साली याचे उत्तर दिले. त्याचा एक मुद्दा साध्या गुणाकाराचा होता. हृदय दर ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर टाकते असे धरले आणि अर्ध्या तासात एक हजार ठोके मोजले, तर ५०० औंस, म्हणजे सुमारे १४ किलो रक्त होते. एवढे रक्त खाल्लेल्या अन्नातून सतत तयार होणे शक्य नाही. अर्थात तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र हार्वेला दिसल्या नव्हत्या. त्या १६६१ साली माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

आता ल्यूव्हेनच्या प्रतीकडे वळू. १५५५ च्या आवृत्तीच्या इतरही प्रती जगात आहेत, पण या प्रतीच्या समासांत हाताने लिहिलेल्या नोंदी व दुरुस्त्या आहेत. वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक व्हिव्हियन नटन यांनी २०१२ साली दाखवून दिले की त्या खुद्द व्हेसॅलियसच्या आहेत. तो तिसऱ्या आवृत्तीची तयारी करीत होता. बऱ्याच दुरुस्त्या भाषेच्या आहेत, तर काही चित्रांवरील अक्षरे नीट दिसावीत यासाठी केलेल्या सूचना आहेत. १५६४ साली तो मरण पावला आणि ती आवृत्ती निघालीच नाही. त्यामुळे तिची ही तयारी इतर छापील प्रतींत सापडत नाही.

अशी प्रत गेली तर काय होते, हे ल्यूव्हेनला चांगलेच ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१४ मध्ये, जर्मन सैन्याने लावलेल्या आगीत तेथील ग्रंथालयाची सुमारे तीन लाख पुस्तके जळाली. नव्याने उभारलेले ग्रंथालय मे १९४० मध्ये पुन्हा जळाले. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कदाचित मिळू शकते. हस्तलिखिताची किंवा समासातील टिपणाची मिळत नाही.

पाठ्यपुस्तकात निष्कर्ष असतो, तिथवर पोहोचण्याची वाट बहुधा नसते. ती वाट वर्गात दाखवता येते. विद्यार्थ्यांना स्वतःची नाडी मिनिटभर मोजू द्या आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त धरून हार्वेचा गुणाकार करायला सांगा. मिनिटाला सुमारे पाच लिटर असे उत्तर येईल. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्तही साधारण तेवढेच असते! असे असेल तर अर्ध्या तासात बाहेर पडणारे १५० लिटर रक्त येते कोठून, हा प्रश्न मुलांना स्वतःच पडेल.

आणखी एक काम शाळेच्या ग्रंथालयात करता येईल. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली वगळण्यात आले. त्यापूर्वीचे, नऊ ग्रह सांगणारे विज्ञानाचे पुस्तक कपाटात असेल तर ते रद्दीत देऊ नका. नव्या पुस्तकाशेजारी ठेवा आणि या दोन पुस्तकांच्या दरम्यान काय घडले, ते मुलांना शोधायला सांगा.